ताठ मालक, ओणव्या नऊ जणी

आंध्र प्रदेशातल्या विजयनगरमचं एक भातखाचर. जमीनमालक फोटोसाठी ताठ उभा आहे. त्याच्याच शेतात नऊ बाया रांगेनं लावणी करताहेत, कमरेत पार दुमडलेल्या. मालकाला आपला फोटो निघतोय याची पुरती जाणीव आहे. बायांचं काम चालूच आहे. पत्रकार पी. साईनाथ यांच्या या छायाचित्राची फोटोओळ सांगते की, मालकाच्या म्हणण्यानुसार तो या बायांना दिवसाचे ४० रुपये देत होता. बायांनी सांगितलं, हातात २५च पडले. सगळ्या जणी ओडिशातल्या रायगडा भागातून आलेल्या, भूमिहीन.

फोटो कितीही वेळ न्याहाळा, मधले १५ रुपये त्यात सापडत नाहीत. मालकाच्या चेहऱ्यावर ते लिहिलेले नाहीत, बायांच्या पाठीवरही नाहीत. ते सापडले, कारण कॅमेरा खाली ठेवून कुणीतरी मालकाला मजुरी विचारली आणि मग तोच प्रश्न बायांना विचारला. साईनाथांच्या छायाचित्रांत विद्यार्थ्यानं शिकण्यासारखं जे काही आहे, ते या दुसऱ्यांदा विचारण्यात आहे. त्यांच्या प्रदर्शनाचा प्रत्येक फलक चित्राला जेवढं दिसतं तेवढं चित्राकडून घेतो, आणि चित्राच्या आवाक्याबाहेरची नेमकी एखादी गोष्ट शब्दांतून शेजारी आणून ठेवतो.

प्रदर्शनाचं नाव ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून टिपलेली ही ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रं. १९९३ साली साईनाथ एका पाठ्यवृत्तीवर देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत वार्तांकनासाठी निघाले. त्या भटकंतीतून उभं राहिलेलं पुस्तक मराठी वाचकांना ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं ठाऊक आहे. गोड्डा, सरगुजा, पुदुकोट्टई ही त्या पुस्तकातली नावं या फलकांवरही भेटतात. लेखणी आणि कॅमेरा एकाच माणसाच्या झोळीत होते, हे हा संग्रह पाहताना विसरून चालत नाही.

हे फलक वातानुकूलित दालनांपेक्षा वेगळ्या जागी हिंडले: बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, कारखान्यांची फाटकं, शेतमजुरांचे मेळावे आणि शाळा-महाविद्यालयं. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं ते डिजिटल रूपात आणले. आता प्रत्येक फलकासोबत छोटा व्हिडिओ असतो आणि त्यात साईनाथ स्वतः फोटोंपाशी नेऊन बोलतात. मुंबईच्या सोफिया पॉलिटेक्निकमध्ये आणि चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये त्यांनी वर्षानुवर्षं पत्रकारितेचे विद्यार्थी घडवले. त्यामुळे फलकांवरच्या मजकुराला वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाचा सूर आहे. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी, आकडे भरपूर.

भातखाचराच्या फोटोपाशी थोडं थांबू. त्याची रचना एका दृष्टिक्षेपात कळते: एक उभी रेघ आणि तिच्याजवळ वाकलेल्या पाठींची आडवी ओळ. उभं कोण आणि वाकलेलं कोण, एवढ्यावर गावातला सगळा व्यवहार मांडून होतो. एखादा छायाचित्रकार इथेच थांबला असता आणि त्याचा फोटो चांगलाच ठरला असता. पण नुसत्या फोटोवरून आपण फार तर म्हणू, मालक सुखी आहे आणि बाया कष्टात आहेत. मजुरीचे दोन आकडे शेजारी आले की चित्राचा अर्थ बदलतो. विद्यार्थ्यानं पाटीवर गुणाकार करून पाहावा. नऊ जणींचे प्रत्येकी १५ रुपये म्हणजे दिवसाचे १३५. पाच बायांची मिळून मजुरी १२५. म्हणजे पाच जणींच्या दिवसभराच्या राबण्याहून मोठी रक्कम मालकानं फक्त बोलण्यात दिली होती. आता त्या ताठ उभं राहण्याकडे पुन्हा पाहिलं, तर ऐटीखेरीज तिथे एक थापही उभी दिसते.

हा फलक वाकण्याबद्दलच आहे. तिथे एक अंदाज दिलाय: पेरणी करणाऱ्यांत ७६ टक्के बाया, लावणी करणाऱ्यांत ९० टक्के. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभं राहून, ओणव्यानं सरकत करायचं काम. कंबर जाते, पाय जातात, कातडीचे आजार जडतात. आणि हातातली बरीचशी अवजारं बाईच्या सोयीनं घडवलेली नसतातच. कोकणात किंवा मावळात जुलैत गेलेल्या कुणालाही ही रांग अनोळखी नाही. सहलीच्या फोटोंत ती हिरव्या पार्श्वभूमीसह हमखास येते. साईनाथांनी त्या रांगेत माणूस मोजला, मजुरी मोजली, आणि रांग शेतात येण्यापूर्वी कुठल्या गावाहून निघाली तेही नोंदवलं.

याच नजरेनं वीटभट्टीचा फोटो पाहावा. तिरप्या टाकलेल्या फळ्यांच्या पुलावरून बाया डोक्यावर विटा घेऊन चालल्या आहेत. पाय अनवाणी. फोटोत तोल दिसतो: मान स्थिर, पाठ सरळ, पाऊल जपून. ही रांग डोळ्यांना सुंदर वाटते आणि ते वाटणं खोटं नाही. पण विटा गरम आहेत, हे कुठल्या लेन्सनं दाखवायचं? ओळ सांगते, बाहेर ४९ अंश सेल्सिअस होतं आणि भट्टीजवळ त्याहून अधिक. बायांचं काम बहुतेक तिथेच. ओडिशातून आलेल्या या बायांना दिवसाचे १० ते १२ रुपये मिळत. पुरुषांची मजुरीही हलाखीचीच, पण ती १५ ते २०. समान कामाला समान वेतनाचा कायदा संसदेनं १९७६ सालीच केलेला होता.

भातखाचर आणि वीटभट्टी शेजारी ठेवली की साईनाथांनी शब्दांत कुठेही न लिहिलेली एक गोष्ट लक्षात येते. या चित्रांतली बाई ताठ उभी दिसते ती डोक्यावर ओझं असताना. ओझं उतरलं की ती वाकलेली. काहीही न उचलता ताठ उभं राहणं मालकाच्या वाट्याला आलंय. असे दुवे जोडण्याचं काम प्रदर्शन पाहणाऱ्यावर सोपवतं, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं ही त्याची मोठीच जमेची बाजू.

आणखी एक फलक वेळेचा आहे. विजयनगरमच्या भूमिहीन मजुरांबरोबर अख्खा दिवस काढायचा, म्हणून सकाळी सातच्या आत भेट ठरली होती. पाहुणे पोचेपर्यंत उशीर झाला. बाया तीन तासांपासून कामाला लागलेल्या होत्या. स्वयंपाक, धुणीभांडी, पोरांची शाळेची तयारी, घरच्यांची जेवणं, सगळ्यांच्या शेवटी स्वतःचं. फोटोत ताडांच्या झाडांमधून शेताकडे निघालेल्या बाया आहेत, आणि तलावाचा गाळ काढायला आधीच लागलेल्या त्यांच्या मैत्रिणी. चित्र बघणाऱ्याला वाटतं, दिवस सुरू होतोय. शब्द सांगतात, दिवसाचा एक मोठा तुकडा केव्हाच संपलाय आणि त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर नाही. छायाचित्र एका क्षणाचं असतं, हे कॅमेऱ्याच्या पहिल्याच पाठात शिकवतात. त्या क्षणाआधीचे तीन तास कसे दाखवायचे, हा पुढचा पाठ. साईनाथांनी त्याचं उत्तर आपल्याच उशिराची नोंद करून दिलंय, आणि त्यात कुठे पश्चात्तापाचा आव नाही. उशीर हा इथे पुरावा म्हणून वापरलाय.

हे गाळ काढण्याचं काम सरकारी रोजगार योजनेवरचं होतं, आणि तिथेही बायांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळत होती. महाराष्ट्रातल्या वाचकाला या ओळीपाशी अडखळायला होईल. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांच्या आठवणी आपल्याकडे घरोघर आहेत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली याच राज्यानं केला आणि देशाचा कायदा २००५ साली आला. रोहयोच्या कामावर बायांची संख्या मोठी असायची, हेही आपण अभिमानानं सांगतो. मस्टरवर किती बाया होत्या, हा आकडा अभिमानाला पुरतो. प्रत्येकीच्या हातात नेमके किती पडले, हे मात्र कामावर जाऊन विचारावं लागतं. फलक तेच करायला सांगतो.

संग्रहातलं मला सर्वांत भावणारं छायाचित्र सरगुजातल्या कौलं बनवणाऱ्या बाईचं. ते पहिल्या नजरेत काहीच ओरडून सांगत नाही. एक बाई मातीची कौलं करते आहे, एवढंच. ग्रामीण कारागिरीवरच्या एखाद्या कॉफीटेबल पुस्तकात हा फोटो सहज खपून गेला असता, ‘मातीशी नातं’ अशा काहीशा मथळ्याखाली. ओळ वाचली की पायाखालची जमीन सरकते. या कुटुंबाला कर्ज फेडता येत नव्हतं. विकण्याजोगं घरात एकच काही होतं: छपरावरची कौलं. ती विकली, हप्ता भरला, आणि आता ही बाई विकलेल्या कौलांच्या जागी घालायला नवी कौलं करते आहे.

या तीन-चार वाक्यांनी चित्राला मागचा आणि पुढचा काळ दिला. मागे कर्ज आहे, पुढे उघडं छप्पर. आणि त्या दोहोंच्या मध्ये जे चाललंय ते काम आर्थिक भाषेत उत्पादन ठरेल की नुकसानभरपाई, हे कुठल्या रकान्यात बसवायचं? जगाच्या दृष्टीनं तिच्या श्रमाची गोळाबेरीज शून्य आहे. जिथून सुरुवात झाली तिथेच ती पोचणार. मजकुरात यावर हळहळीचं एकही वाक्य नाही. घटना क्रमानं सांगितल्या आहेत, इतकंच. करुण रस पाझरतो तो या कोरडेपणातून. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची घाई असलेल्या नवशिक्या लेखकानं हा मजकूर दोनदा वाचावा.

गोड्डाच्या कोळसा वेचणाऱ्या बायांची छायाचित्रं दुसऱ्या एका प्रश्नाला हात घालतात. दुःखाचा सुंदर फोटो काढावा का? मावळतीच्या आकाशावर उमटलेल्या, खाणीच्या ढिगाऱ्यांवरून परतणाऱ्या बायांचा फोटो सुंदर आहे, यात वाद नाही. साईनाथ ते सौंदर्य नाकारत नाहीत आणि त्याची माफीही मागत नाहीत. ते सांगतात की पावसाळी आभाळ भरून आलंय, चिखलात अडकायच्या आत बायांना निघायचंय, आणि दिवसभराचे १० रुपये सुटले तर नशीब. म्हणजे फोटोला शोभा आणणारं आभाळच या बायांना घाई करायला लावतंय. ज्या घटकामुळे चित्र देखणं झालं, त्याच घटकात बायांची अडचण दाखवल्यानं पाहणाऱ्याला सौंदर्यात निवांत बसता येत नाही. खाणकामातल्या स्त्रियांच्या सरकारी आकड्यांत या बाया नाहीतच. त्यांनी वेचला नसता तर तो कोळसा वाया गेला असता. देशाचं इंधन त्या वाचवतात, आणि कायद्याच्या लेखी तो गुन्हा ठरतो. चूल पेटवणारी चोर, आणि कोळसा ढिगाऱ्यात घालवणारी खाण निर्दोष, हा विरोधाभास दाखवायला कॅमेरा अपुरा आहे. त्याला कायदा वाचलेला माणूस लागतो.

तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईची खडी फोडणारी बाई या सगळ्यांत वेगळी. चित्रात तीही दगडच फोडते आहे. पण तिच्या हातातल्या हातोड्यामागे इतिहास आहे. १९९१ साली तिथल्या सुमारे ४,००० अतिगरीब बायांच्या ताब्यात दगडाच्या खाणी आल्या. पूर्वी याच खाणींत त्या वेठबिगार होत्या. प्रशासनानं धाडसी पाऊल उचललं आणि नुकत्याच लिहा-वाचायला शिकलेल्या बायांनी संघटित होऊन ते तडीस नेलं. घरं सावरली, सरकारलाही चांगला महसूल मिळाला. मग आधी बेकायदा खाणी चालवणारे कंत्राटदार त्यांच्यावर तुटून पडले. नुकसान बरंच झालं, तरी अनेक जणींनी लढा सोडला नाही. विद्यार्थ्यांसाठी हा धडा फार महत्त्वाचा. बाहेरून पाहता वेठबिगाराचं दगड फोडणं आणि मालकिणीचं दगड फोडणं सारखंच दिसतं. तोच घाम, तोच हातोडा. फरक सातबाऱ्यासारख्या कागदात असतो, ठेक्यात असतो, पैसे कोण मोजून घेतं यात असतो. ‘बिचाऱ्या बायका’ म्हणत फलकापुढून सरकू पाहणाऱ्याला हे चित्र मागे ओढतं.

राजस्थानातल्या सीकरच्या दलित बाईचा फोटो कुणाला दाखवताना आवाज आपोआप खाली येतो. तिच्या डोक्यावरच्या भांड्यात मानवी मैला आहे. रोज साधारण २५ घरांचे कोरडे संडास ती साफ करायची. मोबदला घरामागे दिवसाला एक भाकरी, आणि मालक उदार झाले तर महिन्याला घरटी दहाएक रुपये. हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी घालणारा कायदा संसदेनं मंजूर केला १९९३ साली, म्हणजे या छायाचित्रांचा काळ सुरू होतो त्याच वर्षी. भट्टीवरच्या विटांना निदान दर होता. इथे दराच्या जागी भाकरी आली आहे, आणि तिच्यात जातीची सगळी व्यवस्था आहे.

शब्द आणि चित्र यांची अशी सांगड छायाचित्रणात जुनी आहे. अमेरिकेत ल्युइस हाइन न्यू यॉर्कच्या एका शाळेत शिक्षक होता. तिथेच त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि वर्गातल्या मुलांनाही छायाचित्रण शिकवलं. १९०८पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्या, खाणी, शेतं पालथी घालताना तो मुलांची वयं, कामाचे तास, मजुरी टिपून घ्यायचा. त्या टिपणांविना त्याचे फोटो समितीच्या फार उपयोगी पडले नसते. आपल्याकडे १९४३च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांची छायाचित्रं कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकातल्या वृत्तान्तांसोबत छापली जात. साईनाथ या घराण्याचे. फरक असलाच तर तो प्रमाणाचा: त्यांच्याकडे फोटोओळ फोटोच्या बरोबरीनं उभी राहते, कधी कधी वरचढही ठरते.

आणि इथेच एक कुरकुर नोंदवायला हवी. ओळ इतकी भक्कम असली की डोळा आळशी होतो. व्हिडिओत साईनाथांचा ठाम आवाज सोबत असताना चित्राशी एकट्यानं भिडायला उसंत राहत नाही. वर्गात हे फलक दाखवणाऱ्या शिक्षकानं आधी ओळ झाकून ठेवावी, मुलांना पाच मिनिटं नुसतं पाहू द्यावं, त्यांच्या मनात आलेले प्रश्न फळ्यावर लिहून घ्यावेत आणि मगच मजकूर उघडावा. कुठला प्रश्न आपल्याला सुचलाच नाही, हे त्यांना तेव्हा कळेल.

दुसरी कुरकुर नावांची. वर ज्या छायाचित्रांबद्दल लिहिलं, त्यांतल्या एकीचंही नाव ओळीत नाही. मजुरी कळते, जिल्हा कळतो, कर्ज कळतं, नाव कळत नाही. अदृश्य ठरवलेल्यांना दिसतं करणाऱ्या प्रदर्शनात ही उणीव खटकते. सीकरच्या बाईच्या बाबतीत नाव न देणंच शहाणपणाचं, असं कुणी म्हणेल. कौलं करणारीच्या बाबतीत ते पटत नाही. ‘पारी’च्या पुढच्या कामात ही कसर भरून निघालेली दिसते. देशाच्या प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे जमवण्याच्या त्यांच्या उपक्रमात माणसाचं नाव, काम आणि गाव चेहऱ्याखाली नोंदलेलं असतं, आणि त्यात विद्यार्थीही भर घालतात. प्रदर्शनातून सुरू झालेला पाठ तिथे पुढे गेलाय.

या छायाचित्रांना आता वीसहून अधिक वर्षं उलटून गेली आहेत. मजुरीचे आकडे बदलले, काही कायदे नवे आले. म्हणून ती जुनी झाली असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला कॉलेजच्याच आवारात चाललेल्या नव्या इमारतीच्या बांधकामावर पाठवावं. घमेलं कोण उचलतंय, स्लॅबवर कोण उभं आहे, पोर कुणाच्या नजरेच्या टप्प्यात झोपवलंय, ते टिपायला त्याला कॅमेरा पुरेल. मग मुकादमाला विचारावं, बाईला किती देता. आणि तेच बाईला, मुकादम नसताना. छायाचित्रणाच्या वर्गात ॲपर्चर आणि शटर पहिल्या महिन्यात शिकवून होतात. कुणाला काय विचारायचं, त्याचं उत्तर कुणाकडून ताडून घ्यायचं आणि दोन उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही कशी छापायची, याला बाकीचा सगळा अभ्यासक्रम लागतो. त्यासाठी याहून नेमकं पाठ्यपुस्तक आज तरी माझ्या पाहण्यात नाही.